निळं छप्पर

आगीवर विमानातून गेरू टाकणाऱ्या माणसाला सगळं दिसतं, फक्त आपण टाकलेला गेरू तेवढा दिसत नाही. पोटाखालची दारं उघडली की अकरा हजार लिटर लाल पाणी मागे पडतं आणि विमान पुढे निघून जातं. वळून बघेपर्यंत धूर आडवा आलेला असतो. कुठे पडलं, कसं पडलं, हे उंचावर घिरट्या घालणाऱ्या छोट्या विमानातला टेहळणीवाला सांगतो. विमानांच्या तळावर त्याला सगळे ‘वरचा’ म्हणत, आणि वरचा म्हणेल ते मुकाट्याने खरं मानायचं असा रिवाज होता. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, त्यातलाच हा प्रकार.

गेरू म्हणजे काही खरा गेरू नव्हे. खतासारखी पावडर पाण्यात कालवायची आणि आधीचा पट्टा कुठवर आलाय ते पुढच्याला कळावं म्हणून तिच्यात लाल रंग घालायचा. त्याने आग विझत नाही. आगीच्या वाटेत आडवा पट्टा मारून ठेवला की आग तिथवर येते आणि रेंगाळते, तेवढ्यात जमिनीवरची माणसं तिला गाठतात. विमानवाल्यांचं नाव पेपरात येतं, काम खालचे करतात, असं मास्तर नेहमी म्हणत.

मास्तर हे काम एकोणीस वर्षं करत होते. तळावरच्या निम्म्या वैमानिकांना त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून नाव मास्तर. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या पोरीचं नाव पडलं होतं ‘नक्की’. प्रत्येक गोष्टीनंतर ती “नक्की?” विचारायची. चाकं वर घेतली, नक्की? दारांची कळ मोकळी केली, नक्की? बाकीचे वैतागत, मास्तर वैतागत नसत. विचारणारं माणूस शेजारी असलं की आपल्याला दोनदा विचार करावा लागतो, हा त्यांचा हिशेब.

अशा माणसाला घरी मात्र काडीची किंमत नव्हती. घरी म्हणजे ताईकडे. आई गेल्यावर ताईनेच त्यांना वाढवलं होतं आणि बावन्नाव्या वर्षीही ती त्यांना छोट्या म्हणत होती. तिचं घर डोंगराच्या पायथ्याशी, एका लांबलचक गल्लीच्या खालच्या टोकाला. दोन वर्षांपूर्वी तिने छपराला रंग द्यायचं काढलं. गल्लीच्या वरच्या टोकाला एक लाल छपराचं घर होतं, तसाच लाल तिला हवा होता. मास्तरांनी ऐकलं नाही.

“लाल नको ताई. दिवसभर लालच बघतो मी. निळा देऊ. वरून जाताना तुझं घर पटकन कळेल मला.”

“कळून काय करणार आहेस? चहाला उतरणार आहेस?”

पण निळा लागला, आणि लावला मास्तरांनीच, दोन रविवार उन्हात भाजत. तेव्हापासून रिकामं विमान घेऊन परतताना घर दिसलं की ते डावा पंख जरासा झुकवायचे. ताई हातातलं काम टाकून अंगणात यायची आणि डोक्यावर टॉवेल गोल गोल फिरवायची. शेजारीपाजारी हसायचे. हसू देत, ती म्हणायची, माझा भाऊ वरून जातोय, तुमचा जातोय का?

डोंगराला लागलेल्या आगीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. तो दूर शहरात. “मामा, गल्ली रिकामी करतायत. आई शेजारच्यांच्या गाडीत बसली. तू काळजी करू नकोस.” मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ताईला घराबाहेर काढणं म्हणजे खांब उपटण्यासारखं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. बसली म्हणजे सुटलो, असं म्हणून ते पहिल्या फेरीला निघाले.

त्या फेरीत त्यांनी गल्लीच्या वरच्या उतारावर लांब पट्टा मारला. वाऱ्याचा काही नेम नव्हता. वरच्याचा आवाज आला, “मास्तर, छान पडला. शेपूट जरा दक्षिणेकडे वाहवलं, खाली घरांवर शिंतोडे गेले. चालेल.”

“बरं,” मास्तर म्हणाले. शेपूट थोडंफार वाहवतंच. दिवसातून चारदा ऐकायचं वाक्य ते.

तळावर उतरल्यावर इंजिन चालूच ठेवून नळ्या जोडल्या गेल्या. दहा मिनिटांत पोट भरायचं. तेवढ्यात तळप्रमुख स्वतः पळत आली आणि कानाशी ओरडली. गल्लीतल्या घरांना वाचवायला गेलेला जमिनीवरच्या तुकडीचा मुकादम आणि त्याचे पाच जण अडकले होते. परतीच्या वाटेवर झाड कोसळलं, गाडी निघेना, आणि वारा फिरून आग उतारावरून सरळ खाली येत होती. “लाल छपराच्या घरात थांबलेत. अंगणात येऊन खूण करतील. घराच्या मागच्या बाजूला टाका. दुसरं विमान पंचवीस मिनिटांशिवाय मिळत नाही.”

मुकादमाला मास्तर पंधरा वर्षं ओळखत होते. हा माणूस आगीत शेवटचा बाहेर पडतो, अशी त्याची ख्याती.

दरीवर पोचले तेव्हा खाली काही म्हणता काही कळेना. सकाळी गल्ली स्पष्ट होती, आता नुसता करडा धूर, आणि मध्येच फाटून दिसणारे तुकडे. एक कुंपण दिसलं, गेलं. पाण्याची टाकी दिसली, ती कोणाची ते आठवेपर्यंत गेली. मास्तरांनी सवयीने निळं छप्पर शोधलं. ते दिसेना. जळलं की काय? मग त्यांनी स्वतःला दटावलं. ताई गाडीत बसलीय. घराचं काय, घर पुन्हा बांधता येतं. सहा माणसं खाली आहेत, त्यांच्याकडे बघ.

“मला नीट दिसत नाहीये,” वरचा म्हणाला. “धूर माझ्या खालीच थांबलाय. लाल छप्पर दिसलं की तुम्हीच ठरवा.”

धूर फाटला. समोर, जरा उजवीकडे, लाल छप्पर. अंगणात एक माणूस, हात वर, हातात काहीतरी पांढरं, जोरात हलणारं.

“दिसलं!” मास्तर म्हणाले आणि विमान खाली घ्यायला लागले.

खाली माणसं असली की आधी एक कोरा फेर मारायचा, काही न टाकता, नुसतं बघून यायचं, हा नियम. मास्तरांनीच तो शेकडो वेळा पोरांना घोकायला लावला होता.

“मास्तर, कोरा फेर?”

“वेळ नाही. आग बघ कुठे आलीय.”

“पण माणूस एकच दिसतोय. सहा हवेत ना? हेच घर, नक्की?”

“या गल्लीत लाल छप्पर एकच आहे,” मास्तर म्हणाले. “नक्की.”

आणि कळ दाबली. विमान हलकं झालं की आपोआप वर उसळतं, तसं उसळलं. काही क्षण कानात नुसती घरघर. वरचा काही बोलेना. नेहमी तो लगेच बोलतो.

“कसं पडलं?” मास्तरांनी विचारलं.

“पडलं चांगलं.” मग धूर हटला तसा तो म्हणाला, “मास्तर, ते वरचं घर नव्हतं. गल्लीच्या खालच्या टोकाचं होतं.”

“खालच्या टोकाला लाल छप्पर नाहीच!”

“सकाळच्या शेपटाने झालंय लाल. अर्धी गल्ली लाल झालीय, मास्तर.”

मास्तरांना वाक्य ऐकू आलं, अर्थ लागेना. खालच्या टोकाचं घर तर निळं. ते आपणच रंगवलंय. मग लाल कसं? आणि तिथे कोणी नाही, ती तर गाडीत बसली. मग अंगणात कोण होतं? एकेक गोष्ट धरावी तर दुसरी हातातून निसटावी, असं चाललं होतं. नक्कीने बाजूने पाहिलं तर मास्तर सरळ समोर बघत विमान नीट चालवत होते, फक्त ओठ हलत होते. ते गल्लीतली घरं मोजत होते.

तळावर उतरेपर्यंतची ती अकरा मिनिटं ही एकोणीस वर्षांतली सगळ्यांत मोठी. उतरल्यावर कळलं की सहाही जण जिवंत आहेत. विमान भलतीकडे टाकून गेलं हे पाहिल्यावर मुकादमाने वाट बघितली नाही. घरामागे आधीच जळून काळ्या पडलेल्या पट्ट्यात त्याने माणसं पळवली. मध्ये लोखंडी फाटक होतं, तापून लाल झालेलं. त्याचे हातमोजे त्याने आधीच दुसऱ्या कोणाला दिले होते. कडी त्याने उघड्या हातांनी काढली. लाल छपराचं खरं घर मागे पाचोळ्यासारखं जळून गेलं.

आणि ताईही जिवंत होती. गाडीत बसली होती हे खरं, पण कोपऱ्यावर तिला आठवलं की मागच्या खिडक्या उघड्या राहिल्यात. ती उतरली, शेजाऱ्यांना म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच. मग झाड पडलं. घराभोवती गेरूचा जाड पट्टा, आणि ताई मध्ये उभी, नखशिखांत लाल, हातात टॉवेल.

दोन दिवसांत सगळ्या तळावर एकच गोष्ट झाली. मास्तरांनी बहिणीला वाचवलं. कोणी कौतुकाने म्हणे, कोणी दातओठ खाऊन म्हणे, पण म्हणत सगळे तेच. चुकून पडलं, हे मास्तर सांगायला गेले की लोक मान हलवत. असं होय, म्हणत. त्यांच्या डोळ्यांत लिहिलेलं असे, आम्हाला काय शिकवता!

चौकशीला आलेल्या बाईंनी त्यांना एक कागद दिला. बाई सरळ होत्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. बाकीचे प्रश्न वेगाचे, उंचीचे, वाऱ्याचे होते. सातवा प्रश्न होता: खालचं घर कोणाचं आहे, हे टाकताना आपल्याला माहीत होतं काय? पुढे दोन चौकोन. होय. नाही.

“घरी नेऊन भरा,” बाई म्हणाल्या. “परवा द्या.”

मास्तरांनी पेन काढलं. नाही, हे उघड होतं. नाहीवर खूण करायला पेन टेकवलं आणि हात थांबला. का थांबला, ते त्यांना सांगता येईना. त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला.

आधी ते इस्पितळात गेले. मुकादम उशीला टेकून बसला होता, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले. त्याची बायको त्याला चमच्याने पेज भरवत होती. मास्तरांना पाहून ती उठली आणि वाटी घेऊन बाहेर गेली.

“बसा मास्तर.”

“मुकादम, मला माफ कर. मी…”

“थांबा. एकच सांगा. बहिणीसाठी केलंत ना?”

मास्तर त्या पट्ट्यांकडे बघत राहिले.

“तसं असेल तर मी समजतो. मलाही बहीण आहे. मी विमानात असतो आणि ती तिथे असती, तर मी काय केलं असतं कोण जाणे. रागावलोय, पण समजतो.” मुकादमाने पट्ट्या बांधलेले हात जरा उचलून दाखवले. “पण उगाच चुकलो असं म्हणू नका. हे हात कशासाठी गेले, त्याला काहीतरी कारण तर असू द्या.”

मास्तरांना वाटलं होतं शिव्या मिळतील. शिव्या बऱ्या होत्या. “मला माहीत नाही,” ते कसेबसे म्हणाले, आणि ते उत्तर त्यांचं त्यांनाच इतकं लाजिरवाणं वाटलं की त्यांनी मुकादमाच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढला आणि निघाले.

तिथून ताईकडे. ताई अंगण धूत होती. पाणी लाल होऊन गटारात चाललं होतं.

“आलास? सगळ्यांना सांगून दमले मी. म्हटलं, एवढ्या धुरात त्याने मला ओळखलं. ओळखणारच!”

“ताई, मी नाही ओळखलं तुला.”

ताईचा खराटा थांबला.

“मला वाटलं तू गेलीस. छप्पर लाल होतं. मला वाटलं दुसरं घर आहे, दुसरी माणसं आहेत. खूण करतायत.”

“खूण कसली? मी नेहमीसारखा टॉवेल फिरवला. गोल.”

गोल. मास्तर पायरीवर बसले. जमिनीवरची माणसं खूण करताना हात आडवे हलवतात, इकडून तिकडे. तसंच शिकवलेलं असतं. गोल कोणी फिरवत नाही. आपण आडवं पाहिलं होतं की गोल? डोळे मिटले की दोन्ही दिसत होतं. आधी आडवं, मग गोल, मग पुन्हा आडवं.

“आणि ओळखलं नाहीस म्हणतोस,” ताईचा आवाज दुखावलेला होता, पण ती हटणाऱ्यातली नव्हती, “तर मग पंख कशाला हलवलास?”

“कोणी?”

“तू! टाकून वर गेलास आणि डावा पंख झुकवलास. नेहमीसारखा. मी त्या लाल चिखलात उभी राहून हसले, ठाऊक आहे?”

मास्तरांना पंख आठवत नव्हता. अजिबात आठवत नव्हता.

त्यांनी तिथूनच नक्कीला फोन लावला. “खरं सांग. टाकल्यावर डावा पंख झुकला का?”



“झुकला, मास्तर.”

“मी झुकवला की वारा होता?”

“वारा होताच. तुम्हीपण… मला नाही सांगता येणार. माझं लक्ष मागे होतं.” मग खालच्या आवाजात, “मी माझ्या कागदात लिहिलंय की मी विचारलं आणि तुम्ही नक्की म्हणालात. पंखाचं नाही लिहिलं. ते कोणी विचारलंच नाहीये. तुम्हीपण लिहू नका, मास्तर.”

मास्तर फोन हातात धरून बसून राहिले. ताईला हवं होतं होय, मुकादमालाही होय, नक्कीला नाही. ज्याच्या-त्याच्याकडे एकेक उत्तर तयार होतं, आणि ज्याला ठाऊक असायला हवं तो कोराच. एकोणीस वर्षं आपण मागे काय टाकतो ते दुसऱ्याने सांगायचं आणि आपण बरं म्हणायचं. आता आपल्या मनात काय होतं, तेही दुसऱ्यांनीच सांगायचं का? ताईने वाढवलेलं मन होतं ते. तिला ओळखायला त्याने डोळ्यांची परवानगी कशाला मागितली असती? आणि नसेल ओळखलं, तर मग कोरा फेर का नाही मारला? त्यांना रडू आलं. ताईने खराटा टाकला आणि लाल हाताने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

“नको चालवूस विमान काही दिवस,” ती म्हणाली.

कागद त्यांनी तिथेच पायरीवर, गुडघ्यावर ठेवून भरला. सातव्या प्रश्नाचे दोन्ही चौकोन रिकामे सोडले. त्याखाली लिहिलं: ‘मला माहीत होतं की नाही, मला सांगता येत नाही. टाकल्यानंतर विमानाचा डावा पंख झुकला. मी तो फक्त बहिणीच्या घरावर झुकवतो. कोरा फेर मी मारला नाही.’ आणि खाली सही केली.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. “हे शेवटचं नसतं लिहिलंत तर चाललं असतं,” त्या म्हणाल्या. “हे वाचून कोणी तुम्हाला पुन्हा खुर्चीत बसवणार नाही.”

“बसवू नये,” मास्तर म्हणाले. या सगळ्या गोंधळात तेवढी एकच गोष्ट त्यांना स्वच्छ कळली होती.

दुसऱ्या आठवड्यात ते ताईच्या छपरावर चढले. गेरू वाळला की हट्टी होतो, साध्या पाण्याला दाद देत नाही. ब्रशने घासघासून हातभर निळा निघाला तेव्हा दुपार झाली होती. डोंगरापलीकडे अजून एक कोपरा धुमसत होता, आणि तिकडून रिकामं झालेलं विमान घरघरत परतत होतं. त्यांचंच विमान. शेजारच्या खुर्चीत नक्की असणार, मास्तरांच्या जागी दुसरं कोणीतरी.

आवाज ऐकून ताई हात पुसत बाहेर आली. सवयच ती. डोक्यावर टॉवेल गोल गोल फिरवायला लागली. छपरावर आपला भाऊ बसलाय, हे त्या क्षणी तिच्या ध्यानातही नव्हतं.

विमान घरावरून गेलं. पंख जराही हलला नाही.

“कोण रे हा?” ताई टॉवेल खाली घेत म्हणाली. “बघितलंसुद्धा नाही मेल्याने!”

“कामावर आहे तो, ताई,” मास्तर वरून म्हणाले. “बघायचं नसतं.” आणि बादलीत ब्रश बुडवून ते पुढचा पत्रा घासू लागले.